दोन मेडिक्लेम आहेत, एकीतून उरलेलं बिल दुसरीतून कसं घ्यायचं? (बडोदा)

मृदुला_दांडियाबाजार
नमस्कार मंडळी, जरा सविस्तर विचारते कारण जो भेटतो तो वेगळंच सांगतोय. सासूबाईंचं (वय ६७) दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलंय, पुढच्या महिन्यात ॲडमिट करायचंय. हॉस्पिटलने अंदाजे ४ लाख ८० हजार सांगितलेत. आमच्याकडे दोन पॉलिसी आहेत. एक ह्यांच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी, मकरपुऱ्याला आहेत ते, त्यात आईवडील धरून ३ लाखांचं कव्हर आणि रूमची लिमिट दिवसाला ४ हजार. दुसरी सासूबाईंच्या स्वतःच्या नावावरची ५ लाखांची, चार वर्षं जुनी, पण त्यात २० टक्के को-पे आहे (मान्य बिलातला तेवढा भाग आपण भरायचा), रूमची लिमिट नाही. आता आधी कुठली वापरायची आणि उरलेले दुसरीकडून कसे मिळतात? हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवरची मुलगी म्हणाली अमे एकज कॅशलेस करीए, बीजी पॉलिसीनुं तमे जाते जोई लेजो. म्हणजे एकीचं कॅशलेस आम्ही करू, दुसऱ्या पॉलिसीचं तुमचं तुम्ही बघा. पण नेमकं काय जोई लेवानुं तेच कळत नाहीये.

कोठीरोड_अ
दोन्हीकडे क्लेम टाकला तर फ्रॉड धरतात असं ऐकलंय, सांभाळून.

रावपुरा_काका
कोठीरोड, असं काही नाही, आणि ही भीती आधी घालवायला हवी कारण तिच्यामुळे कितीतरी लोक हक्काचे पैसे सोडून देतात. मी सरकारी विमा कंपनीत क्लेम डिपार्टमेंटला नोकरी करून रिटायर झालोय, म्हणून जबाबदारीने लिहितो. दोन, तीन, कितीही मेडिक्लेम ठेवायला बंदी नाही. बंदी एकाच गोष्टीला आहे, झालेल्या खर्चापेक्षा जास्त पैसे सगळीकडून मिळून घेता येत नाहीत. बिल ४ लाख तर दोघांकडून मिळून ४ लाखच. क्लेम फॉर्ममध्ये दुसरी पॉलिसी आहे का असा रकाना असतो, तिथे कंपनीचं नाव आणि पॉलिसी नंबर स्वच्छ लिहायचा, लपवलं तरच प्रश्न येतो. आणि क्रिटिकल इलनेस किंवा हॉस्पिटल कॅश, म्हणजे ज्यात ठरलेली रक्कम मिळते, त्यांचा ह्या हिशोबाशी संबंधच नाही, त्या मेडिक्लेमशिवाय वेगळ्या मिळतात.

आता मृदुलाताई तुमचा प्रश्न. आधी कुठली वापरायची हे कंपनी नाही ठरवत, तुम्ही ठरवता. जिच्याकडे आधी जाल ती प्रायमरी. तिची रक्कम संपली किंवा तिने काही कापलं तर उरलेलं दुसरीकडे मागता येतं, आणि हे नीट वाचा, पहिलीचं कव्हर शिल्लक असलं आणि तिने अटींमुळे पैसे कापले असले तरीही तो कापलेला भाग दुसरीकडे मागायचा हक्क आहे. मेडिक्लेमच्या छापील अटींमध्ये मल्टिपल पॉलिसी नावाचं कलम असतं, त्यात हे चक्क लिहिलेलं असतं, दोन्ही पॉलिसींचं पुस्तक काढून ते कलम शोधाच.

तुमचा हिशोब दोन्ही बाजूंनी मांडतो. ४,८०,००० पैकी १२ हजार नॉन-पेएबल धरू, म्हणजे पाण्याच्या बाटल्या, लाँड्री, सोबतच्या माणसाचे चार्जेस, थर्मामीटर वगैरे, ह्याची यादीच ठरलेली आहे. राहिले ४,६८,०००. ग्रुप आधी वापरली तर ती ३ लाख देईल, उरले १,६८,०००, ते सासूबाईंच्या पॉलिसीला लावले की २० टक्के को-पे जाऊन १,३४,४०० मिळतील, म्हणजे खिशातून ३३,६०० आणि ते १२ हजार, मिळून ४५,६००. उलट केलं तर? सासूबाईंची आधी, ४,६८,००० चे ८० टक्के ३,७४,४००, को-पेचे उरलेले ९३,६०० ग्रुपला मागायचे, तिथे ३ लाखांचं कव्हर अख्खं पडून आहे, तिने पास केले तर खिशातून फक्त १२ हजार. क्रम बदलला की ३३,६०० चा फरक. पण ग्रुप पॉलिसीचे स्वतःचे काही को-पे किंवा गुडघ्यासाठी वेगळी लिमिट आहे का ते एचआरकडून लेखी विचारून घ्या, दुसरी कंपनी तिच्या अटींप्रमाणेच तपासते.

आनंद_सयाजीगंज
काका हिशोब बरोबर आहे पण मी असतो तर ग्रुप आधी वापरली असती. सासूबाईंच्या पॉलिसीत क्लेम टाकला की जमलेला नो क्लेम बोनस (क्लेम न घेतलेल्या वर्षांबद्दल वाढलेलं कव्हर) कमी होतो, ग्रुपमध्ये बोनस वगैरे नसतोच. ६७ व्या वर्षी पुढे मोठं काही निघालं तर तो बोनस उपयोगी पडेल. शिवाय ह्यांनी नोकरी बदलली तर ग्रुप हातातून जाणार, म्हणजे जी जाणार आहे ती आधी वापरा.

रावपुरा_काका
आनंदभाई, मुद्दा योग्य आहे, पण ग्रुप आधी वापरली तरी उरलेल्या १,६८,००० साठी स्वतःच्या पॉलिसीत क्लेम जातोच ना, मग बोनस तसाही कमी होणार. ग्रुपमध्येच सगळं बिल बसत असेल तर तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं, स्वतःचीला हात लावू नये. इथे बिल ३ लाखांच्या वर जातंय म्हणून गणित बदलतं.

आनंद_सयाजीगंज
हे पटलं. बिल ग्रुपच्या आत असेल तर ग्रुप, बाहेर जात असेल तर आधी दोन्हीकडून आकडे मांडून बघायचे.

वाडीवाला_संजय
रूमबद्दल लिहितो कारण ते फार महाग पडतं आणि ॲडमिट होताना कुणी सांगत नाही. वडिलांच्या वेळी पहिल्या पॉलिसीत रूमची लिमिट ५ हजार होती, हॉस्पिटलने ८ हजारांची रूम दिली, आम्हाला वाटलं वरचे तीन तीन हजार भरू. तसं नसतं. लिमिटपेक्षा वरची रूम घेतली की सर्जनची फी, ओटीचे चार्जेस, भूलतज्ज्ञ, व्हिजिट हे सगळं त्याच प्रमाणात कापतात, म्हणजे आठातले पाचच. १,६०,००० चे असे चार्जेस होते ते १ लाखावर आले. ६० हजार तिथेच गेले, रूमचा फरक वेगळा. औषधं, इम्प्लांट, तपासण्या आणि आयसीयूवर अशी कपात करता येत नाही, २०२० च्या नियमांत ते आलंय, आमच्या बाबतीत औषधांवरपण लावली होती ती भांडून परत घेतली. बाकीचे ६० हजार भावाच्या फ्लोटरमधून (घरच्या सगळ्यांची मिळून एकच पॉलिसी) मिळाले, वडील त्यातही होते आणि त्यात रूमची लिमिट नव्हती. काका म्हणतात ते कलम तेव्हा कामाला आलं. मृदुलाताई, ग्रुपलाही काही मागणार असाल तर ४ हजारांच्या आतलीच रूम घ्या, ट्विन शेअरिंग मिळेल.

मृदुला_दांडियाबाजार
हो ट्विन शेअरिंग ४ हजारला आहे, तीच घेऊ. संजयदादा खूप आभार, हे माहीतच नव्हतं.

निनाद_गोत्री
मी इथेच एका बीपीओत अमेरिकेच्या मेडिकल बिलिंगचं काम करतो, नाईट शिफ्ट. रोजचं काम म्हणजे पहिल्या इन्शुरन्सने किती दिले ते बघायचं आणि उरलेलं सेकंडरीला पाठवायचं, म्हणून हा धागा वाचताना आपल्याकडचा फरक फार जाणवला. तिकडे कोण प्रायमरी कोण सेकंडरी हे पेशंट ठरवत नाही, नियम ठरलेले आहेत. नवरा बायको दोघांना नोकरीतून विमा असेल तर स्वतःच्या नोकरीचा प्रायमरी आणि जोडीदाराचा सेकंडरी. मुलांसाठी बर्थडे रूल, आईबाबांपैकी ज्याचा वाढदिवस वर्षात आधी येतो त्याची पॉलिसी प्रायमरी, वय बघत नाहीत, फक्त महिना आणि तारीख. मेडिकेअर म्हणजे ६५ च्या वरच्यांची सरकारी योजना, तिथे माणूस अजून नोकरीत असेल आणि कंपनीत २० किंवा जास्त लोक असतील तर कंपनीचा विमा आधी आणि मेडिकेअर दुसरी, २० पेक्षा कमी असतील तर मेडिकेअर आधी. गरिबांची जी मेडिकेड आहे ती नेहमी सगळ्यात शेवटी.

पैशांचं असं की समजा डॉक्टरने ५०० डॉलर बिल केलं, मेडिकेअरचा मान्य दर ३००, तर वरचे २०० माफ करायचे, ते पेशंटकडून मागायचे नाहीत. ३०० च्या ८० टक्के म्हणजे २४० मेडिकेअर देणार, वर्षाचं डिडक्टिबल (विमा सुरू व्हायच्या आधी स्वतः भरायची ठरलेली रक्कम) भरून झालंय असं धरून, उरलेले ६० सेकंडरीकडे. आणि ते पेशंट नाही पाठवत, डॉक्टरचं बिलिंग ऑफिस पाठवतं, पहिलीच्या पेमेंटचा कागद जोडून, त्याला ईओबी म्हणतात. बऱ्याच मेडिकेअर पेशंटच्या पूरक पॉलिसीला तर क्लेम आपोआप पुढे जातो, हाताने काहीच करावं लागत नाही. ईओबी न जोडता सेकंडरीला क्लेम गेला की ठरलेला रिजेक्ट येतो, आधी दुसऱ्याकडे जा म्हणून.

शलाका_मांजलपूर
निनाद, माझी बहीण न्यू जर्सीला आहे, तिचा वाढदिवस ३ मार्च आणि जिजाजींचा १४ नोव्हेंबर, दोघांच्याही पॉलिसीत मुलगा आहे. मग तिची प्रायमरी का? जिजाजींची पॉलिसी जास्त चांगली आहे.

निनाद_गोत्री
हो शलाका, तिचीच प्रायमरी, पॉलिसी चांगली वाईट हे बघत नाहीत. (आईबाबा वेगळे झाले असतील तर कोर्टाचा कागद बघतात, ते वेगळं.) तिला म्हणावं दोन्ही कंपन्यांना फोन करून दुसऱ्या विम्याची माहिती अपडेट करून ठेव, तिकडे त्याला सीओबी अपडेट म्हणतात. ते केलं नसेल तर दोन्ही कंपन्या क्लेम अडकवून ठेवतात आणि बिल घरी येतं, मुलाच्या आजारपणात आईबाप फोनवर तासन्‌तास होल्डवर असतात, मी पलीकडून रोज बघतो, जीव तुटतो.

आपल्याकडे डेस्क बीजी पॉलिसीनुं तमे जाते म्हणतं तिथेच सगळं अडतं. अमेरिकेत सेकंडरी क्लेम म्हणजे बिलिंगवाल्याचं रोजचं काम आहे, इथे ते ऑपरेशन झालेल्या म्हातारीच्या मुलाने सुट्टी काढून करायचं.

रावपुरा_काका
निनादने छान लिहिलं. एक भर घालतो. इरडाने (विमा कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) २९ मे २०२४ ला मास्टर सर्क्युलर काढलंय, त्यात लिहिलंय की प्रायमरी कंपनीचं कव्हर कमी पडलं तर तिनेच तुमच्या दुसऱ्या पॉलिसीची माहिती घेऊन दुसऱ्या कंपनीशी समन्वय करायचा आणि उरलेली रक्कम मिळवून द्यायची, पॉलिसीधारकाला त्रास न होता. नियम झालाय, काउंटरवर मात्र तो अजून फारसा पोचलेला नाही. तरी मेलमध्ये ह्या सर्क्युलरचा उल्लेख करून लिहा, उत्तर जरा लवकर येतं. त्याच सर्क्युलरमध्ये कॅशलेसची मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असंही आहे, तीन तासांच्या वर उशीर झाला आणि हॉस्पिटलने त्याचे जादा पैसे लावले तर ते कंपनीने भरायचे. डिस्चार्जच्या दिवशी संध्याकाळपर्यंत ताटकळत बसवतात त्यांना हे दाखवा.

आता कागद. ह्यातच लोक अडकतात म्हणून सावकाश लिहितो. ॲडमिशन ठरलं की दुसऱ्या कंपनीलासुद्धा आधीच कळवा, ठरवून केलेल्या ऑपरेशनला बहुतेक ठिकाणी ४८ तास आधी आणि इमर्जन्सीत २४ तासांच्या आत, मेल टाका आणि इंटिमेशन नंबर जपून ठेवा. पहिली कंपनी काय देते ते बघू मग दुसरीला सांगू, असं म्हणत थांबायचं नाही, कारण रीइम्बर्समेंटची (आपण आधी भरून मग परत मागायची) फाईल डिस्चार्जपासून ३० दिवसांत लावायची अट बहुतेक पॉलिसीत असते आणि पहिलीचं पत्र यायलाच त्यातले पंधरा दिवस जातात. पत्र उशिरा येणार असेल तर फाईल वेळेत लावा आणि मेलमध्ये लिहा की सेटलमेंट लेटर मागाहून देतो.

मूळ बिलं पहिल्या कंपनीकडे जातात, दुसरीला अटेस्टेड कॉपी चालते, पण पहिलीच्या सेटलमेंट लेटरबरोबर. ते पत्र नुसत्या मंजूर रकमेचं नको, त्यात कुठल्या आयटमचे किती कापले आणि का, तो ब्रेकअप हवा. कॅशलेसमध्ये कागद हॉस्पिटलमार्फत टीपीएकडे (विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी संस्था) जातात म्हणून डिस्चार्ज घेतानाच सगळ्याच्या कॉपीवर हॉस्पिटलचा शिक्का मारून घ्या, डिस्चार्ज समरी, फायनल बिल, त्याचे डिटेल्स, औषधांची बिलं, रिपोर्ट, आणि गुडघ्याचं असल्यामुळे इम्प्लांटचं इनव्हॉइस आणि त्यावरचा स्टिकर. क्लेम फॉर्मचा भाग बी हॉस्पिटलला भरायचा असतो, तोही त्याच दिवशी सहीशिक्क्याने घ्या, नंतर गेलात की साहेब राउंडला गेलेत ऐकावं लागतं. तुम्ही हातातून भरलेल्या रकमेची पावतीसुद्धा लागते. इम्प्लांटच्या किमतीवर २०१७ पासून सरकारची कमाल मर्यादा आहे, बिलात कुठला इम्प्लांट आणि काय दर लावलाय ते ताडून बघा.

प्रतापनगर_रोहन
मध्येच विचारतो, सॉरी. माझ्याकडे कंपनीची ३ लाखांची आहे आणि आता आईबाबांसाठी दुसरी पूर्ण पॉलिसी फार महाग पडतेय, सुपर टॉपअप (ठराविक रकमेच्या वरचंच बिल देणारी पॉलिसी) घेतला तर हेच काम होईल का?

निनाद_गोत्री
मी घेतलाय म्हणून सांगतो. टॉपअपमध्ये प्रत्येक क्लेमला डिडक्टिबल वेगळं मोजतात, सुपर टॉपअपमध्ये वर्षभराची बिलं जोडून मोजतात. समजा डिडक्टिबल ३ लाख आणि वर्षात अडीच अडीच लाखांची दोन आजारपणं झाली, टॉपअप एक रुपया देणार नाही, सुपर टॉपअप २ लाख देईल. आईबाबांसाठी सुपरच घे. आणि डिडक्टिबलची रक्कम कुणी भरली, कंपनीच्या पॉलिसीने की तू खिशातून, ह्याच्याशी त्यांना घेणंदेणं नसतं, त्यामुळे उद्या नोकरी सुटली तरी सुपर टॉपअप चालू राहतो, फक्त खालचे ३ लाख तुझे. जुन्या आजारांचा वेटिंग पिरियड (ज्या काळात त्यांचा क्लेम मिळत नाही) आता जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता येतो, म्हणून दुखणं निघायच्या आधी घेऊन टाक. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी पण गेलाय.

सुनंदा_अलकापुरी
माझे यजमान ७४ वर्षांचे आहेत, खाजगी पॉलिसी आहे, मुलगा म्हणतो आयुष्मान कार्डही काढू. दोन्ही चालतं का हो? मला हे सगळं वाचून धीर आला म्हणून विचारते.

रावपुरा_काका
सुनंदाताई, जरूर काढा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० आणि वरच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता वर्षाला ५ लाखांपर्यंत मिळतं, खाजगी मेडिक्लेम असला तरी चालतं. सीजीएचएस (केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) असेल तर मात्र दोनातलं एक निवडावं लागतं. आधारवरून निघतं. फक्त हे लक्षात ठेवा, आयुष्मानमध्ये हॉस्पिटलला ठरलेलं पॅकेज मिळतं आणि योजनेत असलेल्या हॉस्पिटलनेच ते करायचं, त्या उपचाराचे वरचे पैसे तुमच्याकडून मागायचे नसतात, त्यामुळे उरलेलं बिल खाजगी पॉलिसीला लावायची वेळच येऊ नये. ॲडमिट होतानाच ठरवा हे आजारपण कशातून करायचं.

मृदुला_दांडियाबाजार
सगळ्यांना अपडेट देते, ऑपरेशन नीट झालं, सासूबाई वॉकर घेऊन घरात चालतायत. बिल ४,७६,५०० झालं, ११,५०० नॉन-पेएबल निघाले. एचआरने लेखी दिलं की ग्रुपमध्ये आईवडिलांना को-पे नाही आणि गुडघ्यासाठी वेगळी लिमिट नाही, म्हणून काकांनी सांगितलं तसं सासूबाईंची पॉलिसी आधी लावली. ४,६५,००० मान्य होऊन ३,७२,००० कॅशलेस मिळाले, आम्ही १,०४,५०० भरून डिस्चार्ज घेतला. ग्रुपच्या टीपीएला ॲडमिशनच्या आधीच मेल केला होता. ९३ हजारांची फाईल लावली, क्वेरी निघाली की मूळ बिलं द्या, मी सेटलमेंट लेटरचा ब्रेकअप आणि मल्टिपल पॉलिसीच्या कलमाचा फोटो पाठवला, मग मान्य केलं. ८७,६०० जमा झाले. ५,४०० फिजिओथेरपीचे अडकलेत, डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन मागतायत. डिस्चार्जनंतरची फिजिओ आणि औषधं अजून चालू आहेत, ती कुठे लावू?

रावपुरा_काका
वा, फार बरं वाटलं वाचून. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. ५,४०० साठी सर्जनच्या लेटरहेडवर किती सेशन, किती दिवस, कशासाठी असं लिहून घ्या, तारीख सेशन सुरू व्हायच्या आधीची म्हणजे डिस्चार्ज समरीशी जुळणारी हवी. बहुतेक समरीतच फिजिओचा सल्ला लिहिलेला असतो, तीच ओळ अधोरेखित करून पाठवा. पुढचा खर्च ग्रुपलाच लावा, तिथे को-पे नाही. पोस्ट हॉस्पिटलायझेशन, म्हणजे डिस्चार्जनंतरच्या खर्चाचं कव्हर, ६० दिवसांचं असेल तर ६० दिवस पूर्ण झाल्यापासून साधारण १५ दिवसांत एकत्र फाईल लावायची, पॉलिसीत मुदत बघून घ्या. ऑपरेशनच्या आधीचे एक्स-रे, रक्त तपासण्या लावल्यात का? ॲडमिशनच्या ३० दिवस आधीपर्यंतचे तरी मिळतात.

मृदुला_दांडियाबाजार
एक्स-रेचे नाही लावले! लावते आता. आणि ५,४०० नाकारलेच तर?

रावपुरा_काका
आधी कंपनीच्या ग्रीव्हन्स सेलला लेखी. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, आपल्या गुजरातचं ऑफिस अहमदाबादला आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची तक्रार घेतात, कंपनीचं उत्तर आल्यापासून एका वर्षाच्या आत करायची. इरडाच्या बीमा भरोसा पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते, ती थेट कंपनीकडे जाते आणि इरडाला दिसते, बऱ्याचदा तेवढ्यानेच हलतं. नाकारताना कंपनीने पॉलिसीतलं कुठलं कलम लावलं ते लेखी द्यायला हवं, फोनवरचं उत्तर मानू नका.

वाडीवाला_संजय
मृदुलाताई, एक्स-रेची फाईल लावताना त्यावर आधीचाच क्लेम नंबर टाका, नाहीतर नवीन क्लेम समजून परत ॲडमिशनचे कागद मागतात.